ताईची फळी

३ मार्च, सोमवार

आले एकदाची. सामान वाहणाऱ्या तिघांनी चौदा खोकी वर आणली. प्रत्येकावर मी ठळक अक्षरांत 'स्वयंपाकघर', 'झोपायची खोली' असं लिहिलं होतं, तरी चौदाच्या चौदा बाहेरच्या खोलीत रचून ते चालते झाले. वाचता येत नव्हतं म्हणावं, तर तिघंही जिन्यात मोबाइलमध्ये तोंड खुपसून उभे होते. असो. घर झकास आहे. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन, आणि मुख्य म्हणजे दाराला किल्ली माझी. एकतीस वर्षं दवाखान्याच्या स्टोअरमध्ये लोकांच्या वस्तू सांभाळल्या. आता माझ्या सांभाळीन.

खोट एकच, बाथरूम. दार उघडलं की बेसिनवर आपटतं. आरशाखाली काचेची एक पट्टी आहे, तिच्यावर साबण ठेवला की ब्रश खाली पडतो. एवढीच काय ती ठेवायची जागा. ज्याने हे बांधलं तो आयुष्यात कधी आंघोळीला गेला नसावा.

मला एकटीला चाललं असतं. पण तेवीस तारखेला ताई येतेय, कायमची. गेली सहा वर्षं ती लेकीकडे राहते. तिथे बाथरूममध्ये तिच्या वस्तूंना जागा नाही, म्हणून तिचा साबण, तेल, कंगवा सगळं एका निळ्या पिशवीत असतं आणि पिशवी खोलीतल्या खिळ्याला. आंघोळीला जाताना पिशवी न्यायची, येताना आणायची. सहा वर्षं, पाहुण्यासारखी. मागे फोनवर म्हणाली, धाकटे, मला बाकी काही नको, बाथरूममध्ये एक फळी तेवढी दे. ही बाई जन्मभर अशीच मागत आली, एवढंसं. राग येतो मला. आई गेल्यावर मला वाढवलं ते हिनेच, तेव्हा कुठे एक फळी मागितली होती?

फळी मिळेल. चांगली कंबरेच्या उंचीवर. तिचे गुडघे वाकत नाहीत.

५ मार्च, बुधवार

आज टेप घेऊन बाथरूम मोजली. आतून लांबी सहा फूट. बाहेरच्या बोळातून तीच बाजू मोजली तर आठ फूट! भिंतीची जाडी अर्धा फूट धरली तरी दीड फूट जागा गेली कुठे? आरशाच्या भिंतीवर बोटांनी वाजवलं. पोकळ. तिथे भिंत नाहीच, वरून रंग दिलेली लाकडी पाटी आहे. म्हणजे इतकी वर्षं इथे राहून गेलेले सगळे शहाणे पट्टीवरून ब्रश पाडत होते आणि दीड फूट जागा मागे बंद पडून होती. एकालाही मोजायची अक्कल झाली नाही.

ठोकाठोक ऐकून खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. एकटे राहतात आणि जिन्यातल्या प्रत्येक पावलावर लक्ष ठेवतात. मी त्यांचं नाव मुकादम ठेवलंय. बोलण्याआधी दोनदा घसा साफ करतात, हं-हं, जणू पुढे काही ऐकण्यासारखं येणार आहे. म्हणाले, ती पाटी राहू द्या, आधीच्यांनीही राहू दिली होती. का, म्हणून विचारलं तर कारण माहीत नाही म्हणे. माहीत नसताना जिने चढून सांगायला येणारी माणसं मी स्टोअरच्या खिडकीवर एकतीस वर्षं पाहिली. त्यांना मी पावती दाखवा म्हणायची. यांना दारच दाखवलं.

८ मार्च, शनिवार

सुतार आला. दोन तास उशिरा, आणि उशिराबद्दल अवाक्षर नाही. वाळका माणूस. त्याचा खोकला विचित्र आहे, दोनदा खोकतो, थांबतो, आपल्याला वाटतं संपलं, मग तिसऱ्यांदा. दिवसभर त्या तिसऱ्या खोकल्याची वाट बघून माझं डोकं उठलं.

पाटी निघाली. आत कोरडी, लख्ख जागा. जाळं नाही, धूळ नाही, एक मेलेला किडा नाही. मी म्हटलं, वा! सुतार म्हणाला, बाई, बंद जागेत धूळ नाही हे काही बरं नाही. घ्या. याच्या घरी बहुधा धूळ हे शुभलक्षण असावं.

त्याने जागेची खोली मोजली, अठरा इंच. पाच फळ्या कापल्या. बसवायला गेला तर त्या इंचभर तोकड्या. पुन्हा मोजलं तर एकोणीस. मला म्हणतो, आधी अठराच होतं. मी म्हटलं, मग जागा वाढली का रे तासाभरात? मान खाली घालून पट्ट्या जोडल्या, फळ्या बसवल्या, दारं सोमवारी आणतो म्हणाला आणि हत्यारं पिशवीत कोंबून जवळजवळ पळाला. इंच मोजता येत नाहीत आणि म्हणे सुतार.

फळ्या मात्र सुरेख दिसतात. वरून दुसरी कंबरेच्या बरोबर उंचीवर आलीय. ती ताईची.

१० मार्च, सोमवार

सुतार आला नाही. फोन केला तर म्हणाला, बाई, दुसरा कुणीतरी बघा. काम अर्धवट टाकायचं आणि वर सल्ला द्यायचा! मी त्याला दोन शब्द सुनावले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मग लेबलं लावायला बसले. यात मात्र माझा हात कुणी धरू शकत नाही. आमच्या स्टोअरमध्ये माझी पद्धत होती, आधी लेबल, मग वस्तू. फळीला नाव दिलं की वस्तू बरोबर येऊन बसते. नाव बदललं तर जुन्यावर नवं चिकटवायचं आणि वरचं तेच खरं, खालची वस्तू वहीतून कायमची बाद. आणि चुकून आत गेलेली वस्तू परत हवी असेल, तर तिच्या बदली तशीच दुसरी जमा करायची. एका पलंगाच्या बदली दुसरा पलंग. डॉक्टर असो की कोणी, बदली वस्तू दिल्याशिवाय माझ्या फळीवरून काही हललं नाही. लोक हसायचे. हसणाऱ्यांच्या विभागात कात्र्या सापडत नसत.

गोंदही तोच आणलाय, माझा जुना. माझं लेबल एकदा बसलं की निघत नाही.

पहिली फळी 'औषधं'. दुसरीचं लेबल ताई आली की तिच्यासमोर लावेन, तिला बरं वाटेल. तिसरीचं काय करावं सुचेना. सुतारावरचा राग अजून गेला नव्हता. म्हणून लिहिलं 'सुतार', आणि चिकटवून टाकलं. बेट्याचं काम अर्धवट आहे, निदान नाव तरी राहू दे. एकटीच हसले.

१२ मार्च, बुधवार

'सुतार' लिहिलेल्या फळीवर त्याची पेन्सिल सापडली. कानावर ठेवायचा ती चपटी लाल पेन्सिल. विसरला असणार. आपली हत्यारं ज्याला सांभाळता येत नाहीत त्याच्याकडून दारांची अपेक्षा मी कशाला केली?

दुपारी मुकादम पुन्हा हजर. हं-हं. म्हणे तुमच्या बाथरूममधून सामान सरकवल्याचा आवाज येतो. मी म्हटलं, फळ्या रिकाम्या आहेत, सरकवू काय, हवा? तर म्हणाले, रिकाम्या ठेवू नका, पाटी लावून टाका. ते गेल्यावर मी चौथ्या फळीवर लेबल लावलं, 'मुकादम'. एवढं देखरेखीचं वेड आहे तर बसा म्हणावं आतच.

१४ मार्च, शुक्रवार

फळीवर सुताराचा चष्माही आहे. परवा नव्हता. मी नीट पाहिलं नसेल.

मी नीट पाहिलं नाही असं आजवर झालेलं नाही.

चौथ्या फळीवर एक चप्पल आहे, पुरुषाची, टाचेला झिजलेली. मुकादमांची. परत द्यायला खाली गेले तर दार बंद, दारात दोन दिवसांची वर्तमानपत्रं. गावाला गेले असतील, एका चपलेवर. मुळात माझ्या बाथरूममध्ये त्यांची चप्पल आली कशी? कुलूप बदलायला हवं. या इमारतीत बहुतेक सगळ्यांकडे सगळ्यांच्या किल्ल्या आहेत, असलंच काहीतरी अजागळ असणार.

संध्याकाळी ताईचा फोन. अकरा बोचकी बांधलीत म्हणे! फुटक्या झाकणांचे डबे, कान तुटलेली कढई, आमच्या लहानपणची गोधडी. मी म्हटलं, फेकून दे. म्हणाली, धाकटे, तू माणसांनाही अशीच निकालात काढतेस, म्हणून एकटी राहिलीस. आणि फोन ठेवला. तिने! माझा!

मी तणतणत गेले आणि अगदी खालच्या, पाचव्या फळीवर 'ताई' असं लेबल ठोकलं. बोचक्यांसकट स्वतःच मावते का बघ म्हणावं. गुडघे वाकोत न वाकोत.

१५ मार्च, शनिवार

सकाळी राग उतरला. लेबल काढायला गेले. निघालं नाही.

१७ मार्च, सोमवार

सुताराच्या बायकोचा फोन आला. तो शुक्रवारपासून घरी नाही. आधी पेन्सिल हरवली, मग चष्मा, मग टेप. वस्तूंसाठी घर उलथंपालथं करत होता म्हणे, आणि मग तोच दिसेना. कामाचा शेवटचा फोन माझ्याशी झाला होता म्हणून विचारते म्हणाली. मी म्हटलं, मला काय ठाऊक, माझी दारं अजून यायची आहेत.

फोन ठेवून बाथरूममध्ये गेले. तिसऱ्या फळीवर पेन्सिल, चष्मा, टेप, आणि घडी घातलेला एक सदरा. घडी माझी आहे. बाह्या आत, कॉलर वर, चार बोटांची. ती घडी मी बसवली होती, आमच्या स्टोअरबाहेर तशी कोणी घालत नाही. मी घातलेली नाही.

सदऱ्यामागे हात घातला. एकोणीस इंचांवर मागची भिंत लागायला हवी. खांद्यापर्यंत हात गेला, भिंत लागली नाही.

आणि आतून, लांबून, कुणीतरी दोनदा खोकलं.

मी उभी राहिले. भर दुपार होती, दिवा चालू होता, नळ टपटपत होता. मी उभीच राहिले.

मग तिसऱ्यांदा.

१८ मार्च, मंगळवार

भीती वाटते. लिहून टाकलं.

चौथ्या फळीवर आता दोन्ही चपला, छत्री आणि किल्ल्यांचा जुडगा. खाली वर्तमानपत्रं सहा. दाराला कान लावला, आत काही नाही. वर येऊन फळीला कान लावला. हं-हं. पुढे काही बोलले नाहीत. मी म्हटलं, बोला ना. पहिल्यांदाच त्यांना बोला म्हटलं.

पाटी परत लावायला घेतली. तीच पाटी, तेच खिळे. चारी बाजूंनी वीतभर अपुरी पडते.

लेबलं काढता येत नाहीत. उलथनं मोडलं, नखं मोडली. मग माझा नियम आठवला, वरचं लेबल खरं. तिसऱ्या फळीवर 'सुतार'च्या वर 'रिकामी' असं चिकटवलं. वाटलं, सुटेल बिचारा.

तासाभराने पाहिलं. फळी रिकामी. पेन्सिल नाही, सदरा नाही. कान लावून बसले. खोकला नाही. एकदा तरी खोक रे, म्हटलं.

त्याच्या बायकोला फोन केला. आला का? नाही. तिने विचारलं, तुम्ही रडताय का?

बाद. वहीतून कायमचा बाद. माझाच नियम, माझ्याच अक्षरात. एका माणसाला मी इंचभर फळीसाठी

१९ मार्च, बुधवार

पाचव्या फळीवर निळी पिशवी आहे.

ओल्या साबणाचा वास. कंगव्यात पांढरे केस.

ताईला फोन केला. उचलला तिने! हसत होती. अगं पिशवीच सापडत नाही कालपासून, खिळ्याला होती, म्हातारी झाले मी आता, म्हणाली. शुक्रवारचं भांडण विसरून गेलेली. नेहमीच विसरते. मी म्हटलं, येऊ नकोस. ती म्हणाली, फळीचं नाही जमलं का? नसू दे गं, माझी पिशवी आहे ना, ती आणेन मी.

फळीचं जमलंय ताई.

२० मार्च, गुरुवार

'रिकामी' लावायचं नाही. काहीच वर लावायचं नाही. बाद होईल ती.

बदली. बदलीचा नियम. तशीच वस्तू. माझी कापडी पिशवी घेतली, माझा साबण, माझं तेल, माझा कंगवा घातला. 'ताई'च्या शेजारी लहान चिठ्ठी — 'ताईच्या पिशवीच्या बदली, धाकटीची पिशवी'. चहा ठेवला, प्यायला नाही.

फळीवर माझी पिशवी आहे. निळी नाही.

ताईचा फोन — पिशवी खिळ्यालाच होती म्हणे! माझे डोळे गेलेत बहुतेक, म्हणाली. मी इतकी हसले की तिने विचारलं, तुला झालंय काय.

म्हणजे चालतं.

मुकादमांच्या बदली कोण? असा विचार केला मी. कुणाला देऊ, असा. सामान वाहणारे तिघं आठवले. खरंच आठवले. मग स्वतःचीच किळस आली.

२१ मार्च, शुक्रवार

ताईची काठी आली. बदली छत्री दिली — घेतली नाही. तशीच लागते. काठी माझ्याकडे नाही.

ताईचा चष्मा आला. माझा दिला. परत गेला तिचा. आता ही वही नाकाशी धरून लिहितेय.

तिचे कवळीचे दात आले. माझ्याकडे — माझे अजून माझेच आहेत.

गोधडी आली. आमची. पायाकडची फाटकी बाजू ती नेहमी स्वतःकडे घ्यायची.

फोन लावला. तिला बोलता येईना, दात नाहीत, नुसती हसली. येऊ ना गं रविवारी, एवढं कळलं.

२२ मार्च, शनिवार

सकाळी भाचीचा फोन. आई सापडत नाही. बाथरूममध्ये गेली होती, आतून कडी. दार तोडलं. आत कोणी नाही, मावशी, नळ चालू आहे आणि

मी बाथरूममध्ये आहे. पाचव्या फळीपाशी जमिनीवर. ताई गुणगुणतेय आत. आंघोळ करताना गुणगुणते तेच, बिनशब्दांचं, मी लहान असताना माझ्या डोक्यावर पाणी घालताना गुणगुणायची ते. खूप लांबून येतंय. तिचे गुडघे वाकत नाहीत. खालच्या फळीवर कशी बसली असेल.

मी बसवलं. मीच.

माणसाच्या बदली माणूस. अक्षर चांगलं यायला हवं.

'ताईच्या बदली — धाकटी'.

चिकटवलं.

गुणगुणणं थांबलं —

फोन. भाची. ओरडतेय, रडतेय. आई इथेच आहे, बाथरूममध्ये, स्टुलावर, डोकं ओलं, म्हणते मी कुठे गेले होते, आंघोळच करत होते! आत्ताच निघायचं म्हणते धाकटीकडे. उद्याची वाट बघत नाही म्हणते. बोचकी घेऊन निघालीच. काठी, दात, गोधडी, तिचं सगळं फळीवरून परत गेलं.

बरं झालं. बरं झालं.

माझ्या चपला फळीवर आहेत. आत्ता पायात होत्या. घड्याळ. केसातली पिन. किती भराभर. मला पटापट निकालात काढतंय — योग्यच आहे.

ताई, किल्ली दारालाच आहे. दुसरी फळी तुझी. कंबरेच्या उंचीवर. लेबल लावायचं राहिलं, लावू नकोस. कुठेच कुणाचंच नाव लिहू नकोस. पिशवी खिळ्याला टांगायची नाही आता, ऐकतेयस ना, साबण काढून फळीवर ठेव, तेल ठेव, पसारा कर, हवा तेवढा —

सुताराच्या बायकोला — काय सांगणार —

आणि मला शोधू नकोस. आत कुणी घसा साफ केला तर घाबरू नकोस, मुकादम आहेत, मी त्यांना बोलतं करेन. मी आवाज करणार नाही. तुझ्या कानावर पडलं तर तू लगेच माझ्या बदली — ओळखते मी तुला, वेडी, फाटकी बाजू स्वतःकडे घेणारी —

देवा. ही वही. बदलीचा नियम यातच लिहिलाय. सगळा, नीट, मूर्खासारखा बढाई मारत. ती वाचेल. आल्या आल्या वाचेल.

पानं फाडायला हवीत. दहा तारखेचं, वीस तारखेचं, हेही. डावा हात फळीवर दिसतोय मला, माझाच, एका हाताने पान फाटत नाही, दातांनी — दात —

ताई, वाचू नकोस, पुढचं मागचं काही वाचू नकोस, जिन्यात तुझी काठी वाजतेय, वही आधी जाळ आणि मग